जुना कॉम्प्युटर शूटिंगला जातो तेव्हा

१९८३ सालचं ब्रिटिश घर पडद्यावर उभं करायचं असेल, तर त्या काळचा सोफा, वॉलपेपर, टेलिफोन, चहाचे मग हे सगळं भाड्याने मिळतं. ब्रिटनमधल्या कला विभागांचा तो रोजचा व्यवहार आहे. अडतं ते कॉम्प्युटरपाशी. सोफा नुसता दिसला तरी काम भागतं. कॉम्प्युटर मात्र सुरू व्हावा लागतो, पडद्यावर अक्षरं उमटावी लागतात, नटाने कळ दाबली की काहीतरी घडावं लागतं, आणि हे सगळं दहाव्या टेकलाही पहिल्यासारखंच व्हावं लागतं. चाळीस वर्षांपूर्वीच्या यंत्राकडून ही अपेक्षा असते, आणि ते यंत्र बहुतेक वेळा कुणीतरी जिवापाड जपलेलं असतं.

इथे ‘घरगुती कॉम्प्युटर’ म्हणजे कीबोर्ड आणि यंत्र एकाच डब्यात असलेला, घरातल्या टीव्हीला जोडायचा कॉम्प्युटर. डिसेंबर १९८१ मध्ये आलेला बीबीसी मायक्रो, एप्रिल १९८२ मधला झेडएक्स स्पेक्ट्रम, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेत विक्रीला आलेला कमोडोर ६४ ही त्यातली ठळक नावं. ही यंत्रं लाखांनी खपली, त्यामुळे दुर्मीळ म्हणता येणार नाहीत. मात्र स्वच्छ, चालू आणि योग्य वर्षाचं यंत्र ऐन वेळी हाती लागणं कठीण असतं. म्हणून निर्मिती संस्था खासगी संग्राहकांकडे जातात, नाहीतर केंब्रिजच्या सेंटर फॉर कम्प्युटिंग हिस्टरीसारख्या संग्रहालयाकडे. हे संग्रहालय आपली यंत्रं चित्रपट-मालिकांना भाड्याने देतं.

माझ्या मते हे काम करणाऱ्याचं खरं कसब एकाच गोष्टीत असतं. कॅमेऱ्याला यंत्राचा नेमका कोणता भाग लागतो, हे त्याला ओळखता आलं पाहिजे. कॅमेऱ्याला बाहेरचा डबा लागतो, काच लागते, काचेवरची अक्षरं लागतात आणि बोटांखाली दबणाऱ्या कळा लागतात. आतला पॉवर सप्लाय मूळचा आहे की कालच बसवलेला, प्रोग्राम कॅसेटवरून आला की मेमरी कार्डावरून, हे कॅमेऱ्याला कधीच दिसत नाही. जे दिसत नाही ते बिनधास्त बदलावं आणि जे दिसतं त्यावर सगळी मेहनत घ्यावी. पुढचं बहुतेक सगळं यातूनच निघतं.

आधी पटकथा वाचायची

विचारणा येते ती बहुधा अशी: “ऐंशीच्या दशकातला एखादा कॉम्प्युटर हवाय.” अशा वेळी यंत्राचं नाव सांगण्याआधी प्रसंग कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात, कुणाच्या घरात घडतो ते विचारावं. १९८२ च्या मे महिन्यात एखाद्या मध्यमवर्गीय मुलाच्या टेबलावर स्पेक्ट्रम ठेवला, तर कागदोपत्री बरोबर आहे, कारण २३ एप्रिलला तो जाहीर झाला होता. पण सुरुवातीला तो टपालाने मागवावा लागे आणि सिंक्लेअर कंपनीकडे मागण्या इतक्या तुंबल्या होत्या की लोकांनी महिनोन् महिने वाट पाहिली. म्हणजे मे महिन्यात त्या मुलाच्या हाती यंत्र असण्यापेक्षा तो रोज पोस्टमनची वाट पाहत असणं जास्त खरं. पटकथाकाराला हे सांगितलं तर कधी कधी त्याला आयता प्रसंग मिळतो.

घराची ऐपतही पाहावी लागते. १६ केबी मेमरीचा स्पेक्ट्रम १२५ पौंडांचा होता, ४८ केबीचा १७५ चा. बीबीसी मायक्रोचं ‘बी’ मॉडेल ३३५ पौंडांना जाहीर झालं आणि थोड्याच काळात ३९९ वर गेलं. त्यामुळे बीबीसी मायक्रो शाळेत किंवा शिक्षकाच्या, डॉक्टरच्या घरी शोभतो. खाणकामगाराच्या घरी स्पेक्ट्रम किंवा त्याहून स्वस्त झेडएक्स ८१ ठेवलेला बरा. एकाच यंत्राच्या वेगवेगळ्या आवृत्त्याही प्रेक्षक ओळखतात. रबरी कळांचा स्पेक्ट्रम १९८२ चा, कडक प्लॅस्टिकच्या कळांचा स्पेक्ट्रम प्लस १९८४ च्या ऑक्टोबरचा. तपकिरी, फुगीर कमोडोर ६४ आधीचा आणि चपटा, फिकट रंगाचा ६४ सी १९८६ चा. ज्या कथेत कॉम्प्युटर हेच पात्र असतं तिथे तर चुकून चालतच नाही. स्पेक्ट्रम बनवणारी सिंक्लेअर आणि बीबीसी मायक्रो बनवणारी एकॉर्न या कंपन्यांच्या चुरशीवर बीबीसीने २००९ मध्ये ‘मायक्रो मेन’ हे नाट्य दाखवलं, तेव्हा ते पाहणाऱ्यांत ही यंत्रं स्वतः वापरलेले असंख्य लोक होते.

पिवळेपणाचं काय करायचं, हा प्रश्न हमखास येतो. त्या काळच्या प्लॅस्टिकमध्ये आग लवकर धरू नये म्हणून ब्रोमीनयुक्त रसायन घालत. ऊन आणि उष्णता यांनी असं प्लॅस्टिक वर्षानुवर्षांत पिवळं पडतं. कथेत यंत्र नुकतंच विकत आणलेलं असेल, तर पिवळा डबा खोटा दिसतो. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील प्रकाश वापरून रंग उजळवता येतो, पण हा उपाय टिकाऊ असेलच असं नाही आणि प्लॅस्टिकवर डाग राहण्याचा धोका असतो. संग्रहातल्या चांगल्या नमुन्यावर तो करू नये, असं माझं ठाम मत आहे. शूटिंगसाठी वेगळा, आधीच ओरखडे पडलेला डबा उजळवून ठेवावा. एकाच यंत्राची दोन रूपं लागणार असतील, तर दोन्हींचा रंग दिवसाच्या उजेडात शेजारी ठेवून जुळवावा. बंद खोलीतल्या दिव्याखाली जुळलेला रंग सेटवर वेगळा दिसतो.

पडद्यावरचा सरकता पट्टा

जुन्या फितींमध्ये टीव्ही दिसला की त्यावर एक आडवा पट्टा वरून खाली किंवा खालून वर सरकताना दिसतो. हा पट्टा का येतो हे समजलं, की यंत्र देणारा आणि छायालेखक यांचं बोलणं सोपं होतं.

पिक्चर ट्यूबवर संपूर्ण चित्र एकदम उमटत नाही. इलेक्ट्रॉनांचा झोत वरच्या कोपऱ्यातून निघतो, एकेक आडवी ओळ उजळत तळापर्यंत येतो आणि पुन्हा वर जातो. ब्रिटिश यंत्रांत हे सेकंदाला सुमारे ५० वेळा होतं. आपल्या डोळ्याला ते सलग दिसतं. कॅमेरा मात्र प्रत्येक फ्रेमसाठी ठरावीक क्षणभरच उघडा राहतो, आणि त्या क्षणात झोताने काचेचा जेवढा भाग रंगवला तेवढाच त्याला मिळतो.

स्पेक्ट्रमचंच उदाहरण घेऊ. त्याच्या प्रोसेसरचे सेकंदाला ३५ लाख ठोके पडतात आणि एक पूर्ण चित्र काढायला ६९,८८८ ठोके लागतात. भागाकार केला तर सेकंदाला ५०.०८ चित्रं येतात. म्हणजे एका चित्राला २० मिलिसेकंदांहून किंचित कमी वेळ लागतो. आता कॅमेरा सेकंदाला २४ फ्रेम घेतोय आणि शटर नेहमीप्रमाणे १८० अंशांवर, म्हणजे फ्रेमच्या निम्मा वेळ उघडं, आहे असं धरा. प्रत्येक फ्रेमला तो १/४८ सेकंद, म्हणजे सुमारे २०.८ मिलिसेकंद उघडा राहतो. एवढ्या वेळात झोत पूर्ण चित्र काढून पुढच्या चित्राच्या तेराएक ओळीही काढून टाकतो. त्या ओळींवर दोनदा प्रकाश पडतो, म्हणून तेवढा पट्टा जास्त उजळ दिसतो. पुढच्या फ्रेमला झोत दुसऱ्याच जागी असतो, त्यामुळे पट्टा सरकतो.

उपाय अगदी साधा आहे. शटर १७२.८ अंशांवर घ्यायचं. मग कॅमेरा बरोबर १/५० सेकंद उघडा राहतो, जादा वेळ एका ओळीच्याही निम्म्याइतका उरतो आणि पट्टा डोळ्याला जाणवेनासा होतो. भारतातल्या कॅमेरामनना हा आकडा नवा नाही, कारण आपलीही वीज ५० हर्ट्झची आहे आणि ट्यूबलाइटच्या उजेडात २४ फ्रेमने शूट करताना लुकलुक टाळायला ते याच आकड्यावर येतात. ब्रिटिश टीव्हीसाठी सेकंदाला २५ फ्रेमने शूट होत असेल, तर १८० अंशांतच १/५० मिळतं आणि काही करावं लागत नाही. अमेरिकी यंत्र आणलं तर त्याची चित्रं सेकंदाला जवळपास ६० असतात. तिथे २४ फ्रेमला १४४ अंश. आजच्या डिजिटल कॅमेऱ्याचा सेन्सरही ओळीओळीने वाचला जातो, त्यामुळे एवढं करूनही पट्ट्याची पुसट खूण राहू शकते. म्हणून शूटिंगच्या दिवसाआधी, त्याच कॅमेऱ्याने, त्याच टीव्हीवर चाचणी घेण्याचा आग्रह धरावा.

ही कटकट नको म्हणून बऱ्याच ठिकाणी टीव्हीच्या खोक्यात सपाट एलसीडी बसवतात, किंवा पडदा हिरवा ठेवून चित्र नंतर चिकटवतात. लांबच्या दृश्यात ते खपून जातं. जवळच्या दृश्यात मात्र खऱ्या काचेचा फुगवटा, अक्षरांच्या कडेची थरथर आणि नटाच्या चेहऱ्यावर पडणारा त्या काचेचा उजेड यांना तोड नाही. माझा कल कायम खऱ्या ट्यूबकडे असतो. पण चांगला १४ इंची पोर्टेबल रंगीत टीव्ही मिळणं आता कॉम्प्युटर मिळण्यापेक्षा अवघड झालंय, हेही खरं. तो जड असतो, आत वीस हजार व्होल्टच्या पुढचा दाब असतो आणि बंद केल्यावरही ट्यूबमध्ये भार शिल्लक राहतो. त्याचं झाकण सेटवर कुणीही उघडता कामा नये.

साउंड रेकॉर्डिस्टलाही आधीच कल्पना द्यावी. ट्यूबच्या टीव्हीतून एक बारीक शिट्टी सतत येत असते, १५,६२५ हर्ट्झची. वय झालेल्या कानांना ती ऐकू येत नाही, मायक्रोफोनला येते. एवढ्या उंच सुराला नंतर गाळून काढता येतं, पण कळलेलं बरं.

दहाव्या टेकलाही तेच

स्पेक्ट्रमवर ४८ केबीचा खेळ कॅसेटवरून चढायला पाचेक मिनिटं लागायची, आणि चढेलच याची खात्री नसायची. सेटवर पन्नास माणसं थांबलेली असताना हे चालणार नाही. म्हणून आत किंवा मागे मेमरी कार्डवर चालणारी जोडणी बसवतात, आणि खेळ दोन-चार सेकंदांत तयार होतो. कॅसेट रेकॉर्डर शेजारी ठेवायचा तो फक्त दिसण्यापुरता. दिग्दर्शकाला खेळ चढत असताना पडद्याच्या कडेला नाचणारे ते रंगीत पट्टे हवेच असतील, तर कडेचा रंग भराभर बदलणारा चार ओळींचा प्रोग्राम लिहिला की पट्टे हवे तेवढा वेळ नाचत राहतात. कॅसेटचा तो कर्कश आवाज वेगळा रेकॉर्ड करून नंतर घालतात, नाहीतर त्याखाली संवाद बुडून जातात.

टायपिंगचंही तसंच आहे. संवाद बोलता बोलता नटाने ‘प्रवेश नाकारला’ हे बिनचूक टंकावं अशी अपेक्षा ठेवू नये. असा प्रोग्राम लिहावा की कोणतीही कळ दाबली तरी ठरलेल्या वाक्यातलं पुढचं अक्षर उमटेल. नटाने दोन बोटांनी बडवलं तरी वाक्य शुद्धच येतं.

या कामाला बीबीसी मायक्रोइतकं गुणी यंत्र मला दुसरं माहीत नाही. एक तर त्याची सातव्या क्रमांकाची पडदा-रचना. टेलिटेक्स्टच्या, म्हणजे टीव्हीवर मजकुराची पानं दाखवणाऱ्या सेवेच्या, चिपवर चालणारी ही रचना ४० अक्षरांच्या २५ ओळी दाखवते, फक्त १ केबी मेमरी खाते, आणि तिची अक्षरं इतकी गोलसर आणि ठसठशीत असतात की खोलीच्या दुसऱ्या टोकावरून घेतलेल्या दृश्यातही वाचता येतात. दुसरं म्हणजे त्याच्या लाल फंक्शन कळा. त्यांत हव्या त्या आज्ञा भरून ठेवता येतात: एका कळीत पहिला प्रसंग, दुसरीत दुसरा. धोका असतो तो ब्रेक कळीचा, कारण ती त्याच रांगेत उजव्या टोकाला आहे आणि चुकून दाबली गेली की सगळं कोसळतं. पण हे यंत्र ब्रेकलाही दहाव्या क्रमांकाची फंक्शन कळ मानतं. तिच्यात प्रोग्राम परत आणण्याची आणि चालवण्याची आज्ञा भरून ठेवली, की ब्रेक दाबल्यावर प्रसंग आपोआप पहिल्या ओळीवर येतो. ज्या कळीची धास्ती होती तीच टेकच्या आधी दाबायची कळ होते.

पडद्यावर काय दाखवायचं, त्याचे हक्क वेगळे असतात. यंत्र तुमच्या मालकीचं असलं तरी त्यावरचा खेळ दाखवण्याची परवानगी तुम्ही देऊ शकत नाही. स्पेक्ट्रम सुरू करताच पहिली ओळ येते तीच मुळी सिंक्लेअर रिसर्चच्या १९८२ सालच्या स्वामित्वहक्काची, आणि सिंक्लेअरचा कॉम्प्युटर व्यवसाय १९८६ मध्ये अॅम्स्ट्रॅड या कंपनीने विकत घेतला. कोणत्या चित्रासाठी कुणाची परवानगी लागते, हे निर्मिती संस्थेच्या वकिलांनी पाहायचं. करारपत्रात हे स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावं. सर्वांत सोपी वाट म्हणजे प्रसंगापुरता नवा छोटा प्रोग्राम लिहून देणं.

धूर निघू नये म्हणून

बीबीसी मायक्रोच्या पॉवर सप्लायमध्ये विजेतला गोंगाट गाळणारे कपॅसिटर असतात, कागदी थर पारदर्शक राळेत बंद केलेले. वर्षांनी राळेला तडे जातात, दमट हवा आत शिरते, आणि मग एके दिवशी यंत्र सुरू करून काही मिनिटं झाली की ते फुटतात. घाणेरड्या वासाचा दाट धूर निघतो. यंत्राला फारसं काही होत नाही, बऱ्याचदा ते चालूच राहतं. पण स्टुडिओत धुराचा इशारा वाजला की सगळ्यांना बाहेर जावं लागतं आणि अर्धा दिवस बुडतो. काही रुपयांचा भाग आधी बदलला असता तर हे टळलं असतं.

कमोडोर ६४ चं दुखणं याहून वाईट. त्याचा मूळ अडॅप्टर राळेने भरलेला असतो, दुरुस्तीला उघडता येत नाही, आणि बिघडताना ५ व्होल्टऐवजी जास्त दाब सोडतो. त्याने मेमरीच्या चिपा जळतात. मूळ अडॅप्टर सेटवर जोडूच नये. तो टेबलाखाली असतो, कॅमेऱ्याला दिसत नाही, मग नवा का जोडू नये?

ब्रिटनमध्ये सेटवर येणारी विजेची प्रत्येक वस्तू तपासलेली असावी लागते, त्यामुळे ही दुरुस्ती तशीही टळत नाही. तपासणीचा स्टिकर मात्र प्लगवर अशा बाजूला लावावा की तो दृश्यात येणार नाही.

मागच्या रांगेत नुसती दिसणारी यंत्रं हवी असतील, उदाहरणार्थ शाळेची कॉम्प्युटर खोली, तर चालू यंत्रं देऊच नयेत. मेलेल्या यंत्रांचे रिकामे डबे द्यावेत. आणि कुणी रागाने कॉम्प्युटर भिंतीवर फेकतो असा प्रसंग असेल, तर आधीच मोडलेला डबाच द्यावा. खरं चालू यंत्र फोडायला देणाऱ्याला कितीही पैसे मिळाले तरी मी त्या बाजूने बोलणार नाही. ती यंत्रं पुन्हा बनणार नाहीत.

कागदावर काय हवं

तोंडी व्यवहार करू नये, ओळखीतला माणूस असला तरी. विम्याची रक्कम आधी ठरवून लिहावी आणि ती बाजारभावावर ठेवू नये. त्याऐवजी त्याच स्थितीतलं यंत्र शोधून, दुरुस्त करून पुन्हा उभं करायला जेवढा खर्च येईल ती रक्कम धरावी. भाड्याचे दिवस मोजताना फक्त शूटिंगचा दिवस मोजू नये. सेट लावण्याचे, थांबून राहण्याचे आणि नंतर राहिलेले तुकडे पुन्हा घेण्याचे दिवसही त्यात येतात. विशेषतः हा शेवटचा मुद्दा. तीन महिन्यांनी तेच यंत्र, तेच ओरखडे असलेलं, परत मागितलं जाऊ शकतं, म्हणून तोवर त्यात काही बदल करायचा नाही. रंग लावायचा नाही, भोक पाडायचं नाही, चिकटपट्टी लावायची नाही (चाळीस वर्षांची छपाई पट्टीबरोबर निघून येते), धुराच्या यंत्रासमोर उघडं ठेवायचं नाही, कारण तो धूर चिकट थर मागे ठेवतो. आणि शक्य असेल तिथे यंत्र देणाऱ्याचा माणूस सेटवर असावा, यंत्र सुरू-बंद करण्याचा अधिकार फक्त त्यालाच असावा. मला सगळ्यांत महत्त्वाची अट हीच वाटते.

आपल्याकडे ऐंशीच्या दशकावर मालिका निघू लागल्या आहेत, तेव्हा एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ही ब्रिटिश यंत्रं आपल्या भूतकाळातही होती. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी सुरू केलेल्या ‘क्लास’ प्रकल्पात बीबीसी मायक्रोच वापरले गेले, आणि स्पेक्ट्रम प्लसची परवाना घेऊन बनवलेली आवृत्ती डेसिबेल्स या कंपनीने १९८६ पासून भारतात विकली. म्हणजे १९८७ सालच्या मराठी शाळेच्या दृश्यात बीबीसी मायक्रो ठेवणं चूक नाही. अमेरिकी चित्रपटांत पाहून तिथे ॲपल ठेवणं बहुधा चूक ठरेल. वीज आणि टीव्हीची पद्धतही ब्रिटनसारखीच असल्याने तिथलं यंत्र इथे सरळ चालतं, अमेरिकेतून आणलेल्या यंत्राला ट्रान्सफॉर्मर लागतो आणि जुळणारा टीव्हीही लागतो. मुंबईतल्या चोरबाजारात जुने रेडिओ, टेलिफोन, ग्रामोफोन शूटिंगला भाड्याने देण्याची रीत जुनी आहे. कॉम्प्युटर मात्र आपण भंगारात घातले. एखाद्या शाळेच्या माळ्यावर, प्रयोगशाळेच्या कपाटात अजून एखादा असेल, तर मेलेला असला तरी तो फेकू नका. वर सांगितलं तसं, नुसत्या डब्यालाही काम असतं.

यंत्र परत आलं की ते लगेच सुरू करू नये. थंड गाडीतून उबदार खोलीत आलेल्या यंत्राच्या आत ओल धरते, म्हणून रात्रभर तसंच राहू द्यावं. मग जाताना काढलेले फोटो समोर ठेवून एकेक बाजू, एकेक कळ, प्रत्येक पोर्ट तपासावा आणि त्यानंतरच पोचपावतीवर सही करावी. काही तुटलं असेल तर त्याच आठवड्यात कळवावं. सेट मोडला आणि कला विभागातली माणसं पुढच्या कामावर गेली, की कोणत्या दिवशी काय झालं हे सांगणारं कुणी उरत नाही.